मागवे

संध्याकाळी सात वाजता मागव्यांचं जेवण सुरू होतं. अन्न घरात यायला नऊ वाजतात, पण तो तपशिलाचा भाग. सातला ते सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि मोबाइलवर अंगठा फिरवायला लागतात. पुढच्या तासाभरात लखनवी बिर्याणी, कारवारी तिसऱ्यांचं सुकं, थाय करी, अप्पे, असं सगळं मनातल्या मनात चाखून, नाक मुरडून परत पाठवून झालेलं असतं. शेवटी मागवतात पनीर. परवाही पनीरच मागवलं होतं आणि ते वाईट होतं.

“मग पुन्हा तेच कशाला?”

“ते दुसऱ्या हॉटेलचं होतं.”

मागवे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं प्रत्येक सोसायटीत वेगळं असतं. आमचे कोथरूडला, बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात. बँकेच्या ऑडिट खात्यातून निवृत्त. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली, तेव्हा जाताना तिनं वडिलांच्या मोबाइलमध्ये ॲप टाकून दिलं, “बाबा, आईला दोन्ही वेळ ओट्याशी उभं करू नका,” असं बजावून. वहिनींनी त्याचा अर्थ बरोबर लावला आणि स्वतःपुरता कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्राचा महिना बांधून टाकला. घडीच्या पोळ्या, एक सुकी भाजी, रोज साडेआठला. तेव्हापासून या प्रकरणाकडे त्या प्रेक्षक म्हणून बघतात. घरातली तिसरी व्यक्ती म्हणजे मागव्यांच्या मातोश्री. चौऱ्याऐंशी वर्षं, दात मोजके, जीभ शाबूत. पहिल्या पार्सलमधला घास त्यांनी बराच वेळ तोंडात घोळवला आणि निकाल दिला, “शिळं नाही रे. पण हे ताजं कधी नव्हतंच.”

सोसायटीतल्या लोकांना वाटतं, एवढी निराशा होते तर हा माणूस मागवतो कशाला? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. मागव्यांना भूक असते ती आधी निवडण्याची आणि नंतर तक्रार करण्याची. मधे थोडं खावं लागतं, कारण त्याशिवाय तक्रारीला आधार राहत नाही. एकदा बटाटेवडे अनपेक्षितपणे उत्तम आले. वरचं आवरण पातळ, आत आलं-लसूण बेताचं, सोबत तळलेली मिरचीसुद्धा. खाऊन झाल्यावर मागवे हॉलमध्ये येरझारा घालत राहिले. चैन पडेना. रात्री अकराला पिशवी पुन्हा उलटी करून पाहिली, तेव्हा चिंचेची चटणी आलीच नसल्याचं लक्षात आलं. मग झोप लागली.

तरी काही पदार्थांच्या बाबतीत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूनं आहे. मिसळ हा त्यातला पहिला. मिसळीची सगळी गंमत त्या अर्ध्या मिनिटात असते, रस्सा पडलाय आणि फरसाण अजून शरण आलेलं नाही त्या. हे अर्धं मिनिट स्कूटरवरून कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला थांबून येऊ शकत नाही. म्हणून शहाणे हॉटेलवाले सगळं सुटं पाठवतात: उसळ एका डब्यात, फरसाण दुसऱ्यात, कांदा-लिंबू कागदात, पाव वेगळे आणि रस्सा प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर गाठ. ती गाठ मारणाऱ्याला ती पुन्हा सोडायची आहे असं वाटत नसावं. मागवे नखांनी प्रयत्न करतात, दातांनी करतात, मग कात्री आणतात आणि निम्मा रस्सा बेसिनला मिळतो. उरलेल्याची ते ताटात रचना करत असताना मातोश्री म्हणाल्या, “एवढं सगळं आपणच करायचं, तर त्यांनी काय केलं?” यावर मागव्यांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

दुसरा पदार्थ भजी. पहिल्या पावसाला भजी मागवायची बुद्धी पुण्यात एकाच वेळी लाखभर लोकांना होते, आणि त्याच वेळी ॲपवर पावसाचा जादा आकारही लागतो. मागवे तो भरतात. आता, भजं कढईतून बाहेर आलं तरी आतल्या कांद्याचं पाणी वाफ होऊन बाहेर पडतच असतं. उघड्या ताटात ती वाफ खिडकीतून निघून जाते. बंद डब्यात ती झाकणापर्यंत जाते, तिथे थंड होते आणि थेंब होऊन त्याच भज्यावर परत पडते. अर्ध्या तासात कुरकुरीत कांदाभजीची उकडलेली कांदाभजी होते. यात आचाऱ्याचा दोष नाही, पार्सल आणणाऱ्या पोराचा नाही, ॲपचाही नाही. मागव्यांना हे सगळं पाठ आहे, मलाही त्यांनीच समजावून सांगितलं. पण ज्यात कुणाचाच दोष नाही अशा गोष्टीवर गप्प बसायचं शिक्षण बँकेत मिळत नाही. त्यांनी उपाय काढला. ॲपमध्ये हॉटेलला सूचना लिहायची एक चौकट असते. लोक तिथे ‘कमी तिखट’ लिहितात. मागव्यांनी लिहिलं: ‘मा. व्यवस्थापक यांस, स.न.वि.वि. भज्यांच्या डब्याचे झाकण पूर्ण न लावता एका बाजूने किंचित उघडे ठेवावे, जेणेकरून वाफ कोंडणार नाही. मागील ऑर्डरीस असे न झाल्याने’, आणि इथे अक्षरांची मर्यादा संपली. हॉटेलनं सूचना तंतोतंत पाळली. डबा किंचित उघडा आला आणि भजी पिशवीभर विखुरलेली. सोबतच्या ताकाचं झाकणही, सूचनेतली भावना ओळखून, किंचित उघडं ठेवलं होतं.

ऑर्डर गेली की नकाशा उघडतो. हा मधला अंक मागव्यांना सर्वांत प्रिय आहे. वहिनींची मालिका चालू असते, मागव्यांचीही. ‘निघाला… पौड फाट्याला आला… अहो, हा उलटा कुठे चाललाय?’ उलटा चाललेला असतो कारण त्याच्याकडे दुसऱ्या कुणाची तरी ऑर्डरही असते आणि ती आधी द्यायची असते. त्या अज्ञात दुसऱ्याबद्दल मागव्यांच्या मनात जी अढी आहे, तेवढी सख्ख्या चुलतभावाबद्दलही नाही. मग फोन येतो. पलीकडून “सर, लोकेशन पे आया हूँ,” अलीकडून “वो गणपती मंदिर के सामने का गेट है ना, उससे नहीं आने का, वो बंद रहता है, उसके बाजू का बोळ है, बोळ मतलब…” आणि इथे मागव्यांचं हिंदी संपतं. पलीकडचंही संपतं. क्षणभर शांतता. मग पलीकडून, “काका, मराठीत सांगा ना, मी जिंतूरचा आहे.” पोरगा एमपीएससीची तयारी करत असतो, संध्याकाळी हे करतो. दारात तो हेल्मेट न काढता पिशवी देतो आणि मागवे त्याला हटकून विचारतात, “पूर्व निघाली का?” त्याला ते नेहमी पाच तारे देतात. पावसात भिजून आला असेल तर वर वीस रुपये. रागाचा सगळा हिशेब ते स्वयंपाकघराच्या नावावर ठेवतात आणि एवढ्यापुरतं तरी त्यांचं ऑडिट निर्दोष आहे.

ऑडिटवरून आठवलं. बिलावर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक छापलेला असतो. तुम्ही-आम्ही तो वाचत नाही. मागवे वाचतात, नुसता वाचत नाहीत तर डायरीत उतरवतात. त्यातूनच त्यांना तो शोध लागला. एक नाव होतं आजीच्या हातच्या चवीचं, एक पंजाबी ढाब्याचं, एक कुठल्याशा चिनी ड्रॅगनचं, आणि तिन्हींचा क्रमांक एकच. आजी, ढाबा आणि ड्रॅगन एकाच गाळ्यात राहत होते. यात बेकायदा काही नाही. एका स्वयंपाकघरातून आठ-दहा नावांनी जेवण विकायचं हा आता राजरोस धंदा आहे, आणि ज्याला बसायला टेबल नाही, पाटी नाही, गल्ल्यावर मालक नाही असं हॉटेल चालवणं स्वस्तही पडतं. पण मागव्यांना तो व्यक्तिगत विश्वासघात वाटला. ढाब्याच्या पनीरला कंटाळून त्यांनी आजीचं पिठलं मागवलं होतं आणि आजीचं पिठलं वाईट निघाल्यावर ड्रॅगनकडे दाद मागितली होती.

रविवारी सकाळी ते पत्ता शोधत गेले. मलाही नेलं, साक्षीदार म्हणून. पत्ता निघाला आमच्याच सोसायटीच्या मागच्या गल्लीत, चालत पाच मिनिटांवर. अर्धं शटर वर, आत तीन मोठ्या शेगड्या, भिंतीवर ओळीनं टॅब लावलेले आणि ते आळीपाळीनं टिंगटिंग करत होते. बाहेर स्कूटरवर चार पोरं मोबाइल बघत बसलेली. टोपी घातलेला एक मुलगा बाहेर आला.

“काय हवंय काका?”

“आजी आहेत का?” मागव्यांनी विचारलं.

त्यानं एकदा मागव्यांकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, “काका, इथे खायचं नसतं.”

मुंबईचे डबेवाले १८९० च्या सुमारापासून घरचं जेवण कचेरीत पोचवतायत. त्या डब्याला कुणी तारे दिले नाहीत, कारण डबा भरणारं माणूस संध्याकाळी घरी भेटायचं आणि बोलायचं ते तोंडावर बोलावं लागायचं. मागव्यांची अडचण ही, की त्यांचा डबा भरणारा त्यांना भेटत नाही. जो भेटतो त्याला फक्त गेट कुठलं ते माहीत असतं.

पैशांबद्दल मी फार लिहीत नाही; तो विषय त्यांनी वहिनींशी पुरेसा बोलून घेतला आहे. पदार्थ, पॅकिंग, पोचवणी, त्यावर कर, आणि प्लॅटफॉर्म शुल्क. हे शुल्क २०२३ मध्ये दोन रुपयांनी सुरू झालं आणि बघता बघता दहाच्या पुढे गेलं. “पुणे स्टेशनवर दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढलं,” मागवे म्हणतात, “तर निदान डेक्कन क्वीन तरी दिसते.”

त्यांचे अभिप्राय मात्र वाचावेत. सदाशिव पेठेतल्या पाट्यांनी जे शिकवलं ते वाया गेलेलं नाही. ‘उपमा: रवा होता.’ ‘पुलाव पाहिला. मटार तीन. त्यांची आपसांत ओळख नसावी.’ ‘गुलाबजाम चांगले. दोन सांगितले, दोन आले. आश्चर्य.’ या शेवटच्याला त्यांनी तीन तारे दिले. पाच का नाहीत, असं मी विचारलं, तर म्हणाले, “पाच दिले तर तो सुधारणार कसा?”

गेल्या महिन्यात मसालेभात आला तो अळणी. अळणी म्हणजे मीठ कमी नव्हे. मीठ या पदार्थाचा शोधच लागलेला नसावा असा. मागव्यांनी ॲपमध्ये तक्रार उघडली. समोरून लगेच उत्तर: ‘आपल्या गैरसोयीबद्दल आम्हाला खेद वाटतो. कृपया पदार्थाचा फोटो पाठवा.’ मागव्यांनी भाताचा फोटो पाठवला. समोरून: ‘फोटोत पदार्थ योग्य दिसत आहे.’ मागव्यांनी लिहिलं, ‘दिसतो आहेच. मीठ नाही.’ समोरून: ‘कृपया समस्या स्पष्ट दिसेल असा फोटो पाठवा.’

मागवे मोबाइल हातात घेऊन बसून राहिले. नसलेल्या मिठाचा फोटो कसा काढायचा? जवळून काढला, लांबून काढला, शेजारी मिठाची बरणी ठेवून काढला. तिन्ही नामंजूर. या खटपटीत कुणाचं लक्ष नव्हतं तेव्हा मातोश्रींनी आपल्या वाटीतला पहिला घास तोंडात घातला होता. वहिनी म्हणाल्या, “अहो, तिकडे बघा.” मागव्यांनी वर पाहिलं. मातोश्रींच्या चेहऱ्यावर जे होतं त्यात चौऱ्याऐंशी वर्षांची पाककला, माहेर धरून बसलेल्या दोन नणंदा आणि इंद्रायणी-आंबेमोहोराचा वाद एकवटला होता. मागव्यांनी फोटो काढला आणि पाठवला.

मिनिटभर काहीच नाही. मग: ‘आम्ही दिलगीर आहोत. पूर्ण रक्कम परत करत आहोत.’ सोबत पन्नास रुपयांचं कूपन, मध्यरात्रीपर्यंत चालणारं, दोनशेच्या वरच्या ऑर्डरला लागू.

मागव्यांनी लगेच रबडी मागवली. दोनशेच्या वर जावी म्हणून दोन डबे. साडेअकराला ती आली. वहिनी झोपल्या होत्या. मागव्यांनी वाटीत काढून मातोश्रींपुढे धरली. त्यांनी चमचा उचलला, तसाच हवेत धरला, डोक्यावरचा पदर नीट केला आणि मुलाला विचारलं, “आधी खाऊ, की तोंड करू?”