तीन विसा चार

दोन बाप आणि दोन लेक होडी घेऊन मासेमारीला गेले. जाळ्यात तीनच पापलेटं आली. किनाऱ्यावर वाटणी झाली, प्रत्येकाच्या वाट्याला अख्खं पापलेट आलं आणि भांडण झालं नाही. कसं?

हे कोडं जुनं आहे. घाटावर ते घालताना पापलेटाच्या जागी आंबे किंवा भाकऱ्या येतात. वरळी कोळीवाड्यात मात्र पापलेटच हवं, नाहीतर ऐकणारा कोड्यापेक्षा भाकरीसोबत काय होतं याचीच चौकशी करतो. उत्तर सोपं आहे: होडीत आजा, बाप आणि नातू असे तिघेच होते. मधला माणूस एकदा बाप म्हणून मोजला गेला आणि एकदा लेक म्हणून.

शाळेत हीच गोष्ट दोन वर्तुळं काढून शिकवतात. वर्तुळं एकमेकांत घुसलेली असतात, मधल्या जागेत तिरक्या रेघा असतात आणि त्या जागेला छेद संच म्हणतात. आमच्या वेळी त्या जागेत क्रिकेट आणि कबड्डी असे दोन्ही खेळ आवडणारी मुलं उभी असायची. त्यांची संख्या मी इमानेइतबारे काढत आलो. मैदानावर मात्र ती मुलं कधी दिसली नाहीत, कारण तीही बहुधा घरी बसून गणितच सोडवत असावीत.

आता नात शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसते आहे आणि तिच्या पुस्तकात तीच मुलं अजून क्रिकेट आणि कबड्डी खेळत आहेत. म्हणून मी तिला रविवारी सोबत घेऊन कोळीवाड्यात मासे आणायला जातो. तिच्या आईच्या मते ही अभ्यासातून पळवाट आहे. आईचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पण मासळीच्या पाटीसमोर जेवढं गणित उभं असतं तेवढं शिकवणीला पैसे भरूनही मिळायचं नाही.

मुंबईतल्या मराठी घरात मासे कोणत्या दिवशी चालत नाहीत, एवढाच प्रश्न घ्या. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार. वर महिन्याची एक संकष्टी आणि दोन एकादश्या. एखाद्या घराने हे सगळंच पाळलं तर चार आठवड्यांत तीन वारांचे बारा दिवस गेले आणि तिथींचे तीन, म्हणजे पंधरा. नात लगेच म्हणाली, "अठ्ठावीसातून पंधरा गेले, तेरा उरले." आमची नेहमीची मावशी बोंबील साफ करता करता ऐकत होती. मान वर न करता ती म्हणाली, "यंदा एक एकादस सोमवारीच हाय गो. चौदा." सोमवार तसाही बिनमाशांचा होता, त्याच दिवशी आलेली एकादशी वेगळी मोजायची नसते. वर्तुळं न काढता मावशीने छेद संच वजा केला, आणि उरलेल्या चौदा दिवसांपैकी आज एक आहे, तर दोन वाटे घ्या, असंही सुचवलं.

आपल्याकडे तर छेद संचांना नावं ठेवायची हौस आहे. संकष्टी आणि मंगळवार एकत्र आले की अंगारकी. अमावास्या आणि सोमवार एकत्र आले की सोमवती. गुरुवार आणि पुष्य नक्षत्र जुळलं की गुरुपुष्य, आणि सोनाराच्या दुकानात गर्दी. संकष्टी वर्षाला बारा-तेरा, वार सात, म्हणून अंगारकी वर्षाला सरासरी दोनाहून थोडी कमीच पडते. स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं कालनिर्णय १९७३ पासून हेच करत आलं आहे. त्यातल्या चौकटी वाचणाऱ्या माउलीला कुणी सांगत नाही की बाई, तुम्ही संच सिद्धांत वाचता आहात. सांगितलं तर ती कॅलेंडर उलटं टांगून ठेवील.

मावशीचं खरं वैभव तिच्या मोजणीत आहे. ती विसांत मोजते. पासष्ट बांगडे झाले की म्हणते, "तीन विसा न् पाच." नातीच्या पुस्तकात याला वीस पायाची संख्यापद्धती म्हणतात आणि तिथे हा आकडा ३५ असा लिहितात, कारण विसांच्या घरात तीन आणि सुट्यांच्या घरात पाच. म्हणजे मावशीचे ३५ म्हणजे आपले ६५. नातीला हे फार आवडलं. घासाघीस करताना हे कसं वापरता येईल यावर ती घरी येईपर्यंत विचार करत होती. मी तिला सावध केलं, की या व्यवहारात नेमकं कोण कुणाला फसवील याचा भरवसा नाही आणि मावशीचा अनुभव मोठा आहे.

दहाने मोजण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की दुसरं काही होतं हेच आठवत नाही. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते. एकूण पैसे चौसष्ट. शंभराच्या मानाने हा आकडा वेडावाकडा वाटतो, पण निम्मा करायला घ्या: रुपया, अधेली, पावली, दोन आणे, एक आणा, दोन पैसे, एक पैसा. सहा वेळा अर्धं केलं तरी अपूर्णांक येत नाही. शंभर पैसे दोनदा अर्धे केले की पंचविसाशी येतात आणि तिथेच अडतात. भावाभावांत वाटण्या करायच्या असतील तर जुना रुपया बरा, एवढं कुणीही मान्य करील.

अर्धं करत जाण्याचीच दुसरी तऱ्हा म्हणजे कौल. कोळीवाड्यात गोलफादेवीचं देऊळ आहे. सबंध कोकणपट्टीत देवापुढे कौल लावतात: उजवा किंवा डावा, होय किंवा नाही. तिसरं उत्तर नाही. एवढ्या त्रोटक भाषेत देव किती सांगू शकेल? मी नातीला कोडं घातलं: मनात एक तिथी धर, मी होय-नाहीचे चारच प्रश्न विचारून ओळखतो. प्रतिपदेपासून चतुर्दशीपर्यंत चौदा नावं, वर पौर्णिमा आणि अमावास्या, मिळून सोळा. पहिल्या प्रश्नात आठ गळतात, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात दोन, चौथ्यात एक, आणि उरते ती मनातली. तिथींची नावं सोळा निघावीत ही गणितावर कृपाच म्हणायची. संगणक रात्रंदिवस हेच करतो, फक्त नारळ ठेवत नाही.

तिथींचा विषय निघाला की कोळीवाड्यात भरती येते. किनाऱ्यावर एक ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती, एकदा दिवसा आणि एकदा रात्री. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. आमच्या पिढीने पाऊणकी पाठ केली ती मार खाऊन. ती समुद्राला लागू पडते हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मार तरी वसूल झाला असता.

पण पौर्णिमेला गंमत होते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरती मात्र पौर्णिमेला बाराच्या सुमारास येते. मग पाऊण तास गेला कुठे? नातीने कागदावर मांडलं. पंधरा तिथींत भरती बारा तास पुढे सरकते, म्हणजे तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊण तासाची मिनिटं पंचेचाळीस. रोज तीन मिनिटं गळतात आणि पंधरवड्यात पाऊण तास समुद्रात जातो. समुद्र वाऱ्यापावसाने थोडा मागेपुढे होतो ते वेगळंच.

आता हेच घड्याळ बाजूला ठेवून मोजा. दिवसाच्या साठ घटिका, एक घटिका चोवीस मिनिटांची. अठ्ठेचाळीस मिनिटं म्हणजे बरोबर दोन घटिका. तिथीची दुप्पट करा, संपलं. अष्टमीला सोळा, पौर्णिमेला तीस घटिका, म्हणजे बरोबर बारा तास. पाऊणकी नको, गळती नको, मार नको. तासांच्या मापात घातलेलं कोडं घटिकांच्या मापात कोडंच राहत नाही. गणितातल्या निम्म्या अडचणी अशाच असाव्यात असा मला दाट संशय आहे. वस्तू चांगली असते, माप परकं असतं.

याच किनाऱ्यावर, उत्तरेला डहाणूत, १७ जानेवारी १९०५ ला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर जन्मले. वडील कारकून आणि ज्योतिषाचे नादी, म्हणजे घरात आकडेमोड होतीच. पुढे देवळालीच्या शाळेत १९६२ पर्यंत शिक्षकी केली आणि आयुष्यभर अंकांशी खेळत राहिले. डोंबिवली स्टेशनावरून त्यांनी एका जातीच्या संख्यांना 'डेम्लो' नाव दिलं. डोंबिवलीच्या गर्दीतून असं काही सुचू शकतं, यावर आजच्या प्रवाशाचा विश्वास बसणार नाही. विद्वानांनी बराच काळ या खेळाला पोरखेळ मानलं. मग मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि जगाचं लक्ष गेलं.

त्यांचं १९४६ मधलं कोडं कुणीही सोडवावं. चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, उत्तराचं पुन्हा तसंच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं आणि तिथेच राहतं. आम्ही कोळीवाड्यातूनच आकडे घेतले. समोरचा सागरी सेतू २००९ ला खुला झाला: ९१७१, ८५३२, ६१७४. तीन पायऱ्यांत काम तमाम. वरळीचा किल्ला १६७५ च्या सुमाराचा मानतात: ६०८४, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. सातच्या सात पायऱ्या. सेतू काय, टोल भरून सुसाट निघाला; किल्ल्याने वयाला शोभेल असा दम खात जिना चढला.

कापरेकरांनी काही संख्यांना 'स्वयंभू' म्हटलं. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की पुढची संख्या जन्मते; पंधरात एक आणि पाच मिळवले की एकवीस. पण काही संख्या अशा कुणाच्याच पोटी येत नाहीत. वीस ही तशीच एक. हे मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "मना काय कलत नाय त्यातला, पण विसाचा हिशेब चुकत नाय." सिद्धता याहून आटोपशीर मी वाचलेली नाही.

मग तिने माझं वय विचारलं. मी चौसष्ट सांगितलं, आणि नातीने पुढचा सारा रस्ता त्या आकड्याला कामाला लावलं. सोळाच्या पायावर ४०. कौलाच्या दोन अंकांत लिहायचं तर १००००००, म्हणजे दिसायला दहा लाख. जुन्या पैशांत बरोबर एक रुपया पुरा. कापरेकरांच्या यादीत हा आकडाही स्वयंभू निघाला, पण घरात अजून कुणी त्याची दखल घेतलेली नाही. आणि मावशीच्या विसांत तीन विसा चार, म्हणजे लिहायला ३४. मी हाच आकडा पक्का केला आहे. पाया कोणता, ते विचारणाऱ्याने स्वतः शोधावं.