दोन रुपयांचे स्वामित्व

एक टीबीची हार्ड डिस्क पाच हजार रुपयांना धरली, तर एका जीबीला पाच रुपये पडतात, आणि या हिशेबाने अँटिव्हायरस काढून टाकल्यावर सी ड्राइव्हच्या कोपऱ्यात मागे राहिलेल्या चारशे एमबींच्या फायलींची किंमत दोन रुपये भरते. हे दोन रुपये वसूल करण्यासाठी सुशिक्षित मराठी गृहस्थ रविवारची अख्खी सकाळ, गार झालेला चहा आणि पत्नीचा सद्भाव खर्ची घालतो, ही वस्तुस्थिती अर्थशास्त्राच्या कोणत्याही सिद्धान्तात बसत नसल्यामुळे तिचा विचार अहंकाराच्या अंगाने करणे क्रमप्राप्त ठरते. प्रस्तुत निबंधाचा लेखक या गृहस्थवर्गापासून अलिप्त राहून निरीक्षण करीत आहे, असा समज वाचकाने करून घेतला तर तो लेखकाला सोयीचा असल्यामुळे दूर केला जाणार नाही.

मागे राहिलेल्या अशा फायलींत बऱ्याचदा कॅश असते, आणि कॅश म्हणजे एकदा केलेले काम पुन्हा करावे लागू नये म्हणून जवळ ठेवलेली नोंद. संगणकावर लाखो फायली असतात आणि प्रत्येक वेळी प्रत्येक फाइल उघडून तपासायची म्हटले तर यंत्राला दुसरे काही करायला सवडच उरणार नाही. म्हणून सुरक्षा-प्रणाली तपासलेल्या फायलीची ओळख, तिचा आकार, शेवटच्या बदलाची वेळ, तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेला चेकसम नावाचा आकडा, यांपैकी जे सोयीचे असेल ते टिपून ठेवते आणि पुढच्या फेरीत त्यात फरक दिसला नाही तर ती फाइल न उघडता पुढे जाते. मॉस्कोच्या कॅस्परस्की कंपनीच्या २००६ च्या सुमाराच्या आवृत्तीत या युक्तीला आयस्विफ्ट असे नाव होते, ती एनटीएफएस या विंडोजच्या फाइल-व्यवस्थेवरच चालत असे, आणि तिची वही 'फिडबॉक्स' नावाच्या फायलींच्या रूपाने विंडोजच्या ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये लपून वाढत असे. प्रणाली काढली तरी ही वही मागे राहण्याचे प्रसंग येत. इतर कंपन्यांच्या वह्यांची नावे आणि जागा वेगळ्या, वृत्ती तीच. पुढे ज्या गृहस्थाचा उल्लेख येईल तो कोणत्या कंपनीचा ग्राहक होता, हे येथे अप्रस्तुत आहे.

विंडोजमध्ये फाइल लपवण्याच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली 'हिडन' या खुणेची, जी एमएस-डॉसच्या काळापासून चालत आली आहे आणि फोल्डरच्या पर्यायांत जाऊन एक टिकली हलवली की निष्प्रभ होते. दुसरी 'हिडन' आणि 'सिस्टिम' या दोन्ही खुणा एकत्र बाळगणाऱ्या फायलींची, ज्या पाहण्यासाठी वेगळ्या चौकटीतली बरोबरची खूण काढावी लागते, आणि ती काढताना विंडोज गंभीर इशारा देते. समाजशास्त्राच्या दृष्टीने या दोन पायऱ्यांमधले अंतर मोठे आहे, कारण पहिली पायरी ओलांडलेल्या मनुष्याविषयी सोसायटीत 'त्यांना कॉम्प्युटरमधलं कळतं' असे आदराने बोलले जाते, आणि दुसरी ओलांडलेला मनुष्य या पहिल्याकडे ज्या करुणेने पाहतो ती संतांनाही साधली नसेल.

फायली दिसू लागल्या म्हणजे त्या पुसता येतात असे नाही, आणि येथे सुरक्षा-प्रणालीची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. संगणकात शिरलेला चलाख व्हायरस सर्वप्रथम सुरक्षा-प्रणालीलाच निकामी करू पाहतो. तिच्या फायली पुसतो, तिची सेवा बंद पाडतो, रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या मध्यवर्ती नोंदकोशातून, तिचे नाव खोडतो. हे टाळण्यासाठी प्रणाली कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, फिल्टर ड्रायव्हर बसवते, जो फायलींकडे जाणारी प्रत्येक मागणी वाटेत थांबवून पाहतो आणि प्रणालीच्या स्वतःच्या फोल्डरला हात लावणाऱ्याला परत पाठवतो. हात लावणारा व्हायरस आहे की पैसे मोजून प्रणाली विकत घेतलेला मालक आहे, हे त्याला सहजी ओळखता येत नाही, कारण व्हायरसही मालकाच्याच नावाने वावरत असतो. त्यामुळे लपून राहणे, यंत्र सुरू होताच सर्वांआधी जागे होणे आणि काढू गेल्यास प्रतिकार करणे ही जी व्हायरसची लक्षणे म्हणून सांगितली जातात, तीच उत्तम सुरक्षा-प्रणालीचीही लक्षणे ठरतात, आणि जी मुकाट्याने निघून जाते तिच्या गुणवत्तेविषयी शंका घ्यावी लागते. एका खोलीला आपले कुलूप लावून घर सोडून गेलेल्या भाडेकरूप्रमाणे उत्तम प्रणाली शरीराने जाते, हक्काने राहते. अनेक कंपन्या आपलेच सॉफ्टवेअर समूळ काढण्यासाठी वेगळे रिमूव्हल टूल देतात, यावरून ही अडचण त्यांनाही ठाऊक आहे असे दिसते. जॉन मॅकॅफी याने १९८७ मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी काढली, १९९४ मध्ये ती सोडली आणि २०१३ मध्ये ते सॉफ्टवेअर संगणकावरून कसे उतरवावे यावर एक थिल्लर चित्रफीत काढली, जिच्यात अखेरचा उपाय म्हणून पिस्तूल वापरले आहे.

गृहस्थाजवळ पिस्तूल नसते. तो फोल्डर निवडतो, डिलीटची कळ दाबतो, आणि पडद्यावर उमटते की या बदलासाठी 'सिस्टिम'ची परवानगी हवी. हा 'सिस्टिम' म्हणजे विंडोजच्या अंतर्गत कामांसाठी असलेले एक खाते, ज्याला चेहरा नाही, फोन नंबर नाही आणि जेवणाची सुट्टीही नाही. २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टापासून विंडोजच्या स्वतःच्या फायलींसाठी 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' नावाचा आणखी एक धनी निर्माण झाला, जो अ‍ॅडमिनिस्ट्रेटरलाही दाद देत नाही. यावरही ताण म्हणजे कधीकधी ज्याची परवानगी मागितली जाते ते नाव खुद्द वापरणाऱ्याचेच असते, म्हणजे तात्पर्याने असे कळवले जाते की आपण आपली परवानगी आणावी. यंत्र विकत घेतले, विजेचे बिल भरले, धूळ पुसली, आणि तरीही घरातल्या घरात अर्जदार व्हावे लागले, हा अपमान हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पेन्शनीसाठी हयातीचा दाखला घेऊन स्वतः खिडकीवर उभे राहावे लागत आलेल्या समाजात हा संदेश जितक्या खोलवर लागतो तितका तो लिहिणाऱ्या अभियंत्यांना अभिप्रेत नसावा.

या ठिकाणी 'फॉरमॅट मारणे' या संप्रदायाचा विस्ताराने परामर्श घेणे आवश्यक आहे; आवश्यक नसले तरी तो टाळवत नाही. फॉरमॅट म्हणजे डिस्कच्या एका विभागाची सर्व मांडणी मोडून तो नव्याने आखणे, आणि त्यानंतर त्यावर विंडोज पुन्हा बसवणे. घरोघर संगणक आले त्या काळात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातील झेरॉक्सच्या दुकानापर्यंत या संप्रदायाचा प्रसार झाला. त्याचे आद्यसूत्र 'फॉरमॅट मारावा लागेल' हे असून पडदा निळा होणे, प्रिंटर रुसणे, गाणी अडकणे आणि यंत्र विनाकारण दमणे या सर्व व्याधींवर ते सारख्याच निर्विकारपणे उच्चारले जाई. दुरुस्तीसाठी येणारा तरुण, ज्याला प्रत्येक घरात 'इंजिनिअर' म्हणत, तो व्याधीचे वर्णन अर्धवट ऐकून बॅगेतून एक सीडी काढी; तिच्यावर मार्करने विंडोजचे नाव आणि त्याखाली अक्षरांची व आकड्यांची लांबलचक किल्ली लिहिलेली असे, आणि ती कोठून आली हे विचारणे पाहुण्याला पगार विचारण्याइतके अप्रशस्त समजले जाई. 'सीवरचं सगळं जाईल, डीला हात लागणार नाही' हे त्याचे दुसरे सूत्र. सूत्र निर्दोष होते. मात्र सर्वसामान्य मनुष्य मुलीच्या बायोडेटापासून गॅसच्या पावतीपर्यंत सर्व काही डेस्कटॉपवर ठेवतो, आणि डेस्कटॉप हा सी ड्राइव्हवरचाच एक फोल्डर असतो, ही माहिती त्याला फॉरमॅट मारून झाल्यावर मिळे. त्यानंतरच्या शांततेत इंजिनिअर चहा घेई, आणि निघताना विचारी, 'काका, अँटिव्हायरस टाकून देऊ ना?' येथून पुढे सर्व चक्र पुन्हा सुरू होई.

याच दुरुस्तीच्या व्यवसायातून पुण्यात कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी १९९० च्या दशकात व्हायरस काढणारा प्रोग्राम तयार करून क्विक हीलचा उद्योग उभारला, ही घटना संप्रदायाच्या इतिहासात पाखंड म्हणून नोंदवावी लागेल. कारण रोग शोधून तेवढाच काढावा आणि बाकीचे शरीर राहू द्यावे, हा विचार फॉरमॅटच्या मूळ तत्त्वालाच छेद देणारा होता. सांप्रदायिकांनी पुढे दोन्ही पंथ एकत्र केले, म्हणजे आधी फॉरमॅट मारावा आणि मग रोगप्रतिबंधक टाकावे, हा भाग वेगळा.

प्रस्तुत गृहस्थाला मात्र हा राजमार्ग बंद होता, कारण संगणक त्याच्या वडिलांचा होता. निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या या वडिलांनी आत्मचरित्र लिहायला घेतले होते, ते डेस्कटॉपवर होते, आणि श्रीलिपीच्या टंकात होते. युनिकोडपूर्व काळातील अशा टंकांची अडचण अशी की टंक हरवला तर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चुरा दिसतो. फॉरमॅटबरोबर टंकही गेला असता. तेव्हा शस्त्रक्रिया करणे भाग होते, आणि तिच्या आधी चारशे एमबींत नेमके काय आहे हे पाहताना एक मजकुराची फाइल सापडली. ती तपासणीची नोंदवही होती, आणि ती इतकी लठ्ठ होण्याचे कारण असे की प्रणाली बसवताना 'सविस्तर अहवाल' हा पर्याय गृहस्थानेच निवडला होता. साधा अहवाल त्याला आपल्या योग्यतेचा वाटला नव्हता.

त्या वहीत 'आत्मचरित्र अंतिम', 'आत्मचरित्र अंतिम नवे' आणि 'आत्मचरित्र खरेच अंतिम' या फायली वारंवार येत होत्या. बदललेली फाइल पुन्हा तपासायची आणि न बदललेली सोडून द्यायची, या कॅशच्या नियमामुळे वडील केव्हा लिहीत होते याची तारीखवार हजेरी तिथे आपोआप मांडली गेली होती. बहुतेक वेळा पहाटेचा सुमार असे. दिवाळीच्या आसपास रोज काही ना काही बदल होता, उन्हाळ्यात खंड होता, पावसाळ्यात पुन्हा वेग होता. आणि प्रत्येक नोंदीपुढे 'दोष आढळला नाही' असा शेरा होता, जो मुख्याध्यापकांनी हयातीत कोणत्याही विद्यार्थ्याच्या वहीवर दिला नसेल. मग एका तारखेनंतर शेरा पालटला, आणि पुढे पानेच्या पाने 'बदल नाही, वगळली' एवढेच येत राहिले. घरात त्या लिखाणाची रोज विचारपूस करणारी ही प्रणालीच काय ती एक होती. इतरांना सवड नव्हती, आणि ज्यांना कॉम्प्युटरमधले कळते त्यांना तर मुळीच नव्हती.

गृहस्थाने ती नोंदवही डी ड्राइव्हवर उतरवून घेतली आणि, का कोण जाणे, तिला 'हिडन'ची खूण लावली.

उरलेल्याचा निकाल रीतसर लागला. यंत्र सेफ मोडमध्ये, म्हणजे अत्यावश्यक ड्रायव्हरच जागे होतात अशा अवस्थेत, सुरू केले. 'टेकओन' या आदेशाने फोल्डरची मालकी आणि 'आयकॅक्ल्स' या आदेशाने त्यावरचे अधिकार मिळवले. आणि त्यानंतरही न सुटलेल्या फायली पुढच्या सुरुवातीसाठी ठेवलेल्या नामांतराच्या यादीत घातल्या. ही यादी रजिस्ट्रीत असते, तिच्यात जुने नाव आणि नवे नाव अशा जोड्या असतात, आणि ज्या फायलीचे नवे नाव कोरे ठेवलेले असते ती विंडोज सुरू होताना, बहुतेक इतर प्रोग्राम जागे होण्याआधी, पुसली जाते. नेटवर्कचा फिल्टर राहून गेला तर इंटरनेट बंद पडू शकते, म्हणून तोही पाहून घेतला. जागा मोकळी झाली, आणि गृहस्थाने स्वयंपाकघराकडे तोंड करून तसे जाहीर केले. तेथून प्रतिसाद आला नाही.

सुरक्षा-प्रणाली गेली हे कळताच विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप कामाला लागला होता. तो पूर्णपणे काढण्याची सोय नेहमीच्या यादीत नसते, आणि 'प्रोग्रामडेटा' या लपलेल्या फोल्डरच्या पोटात त्याने आपली वही उघडलीही होती. गृहस्थाने तिच्या फोल्डरवर दोनदा टिचकी मारली. या फोल्डरमध्ये शिरण्याची आपल्याला सध्या परवानगी नाही, असे विंडोजने कळवले, आणि खाली 'कंटिन्यू' असे बटण दिले होते. ते त्याने दाबले.