उधारी-वसुलीचा शास्त्रोक्त विधी
(फक्त छोट्या छापखानेवाल्यांसाठी)

येणे जिवंत आहे की गेले, हे वहीपेक्षा गिऱ्हाइकाच्या चालीवरून लवकर कळते. लांबूनच "काय शेठ!" म्हणून हात केला, तर उधारी ताजी. आपल्याला बघून पानाच्या टपरीआड वळला, तर सहा महिने उलटले असे समजावे. स्वतःहून दुकानात येऊन चहा सांगितला, तर खिशात नव्या कामाचा मजकूर आहे.

लग्नाचे यजमान पैसे देतात, पण आहेराची पाकिटे फोडून झाल्यावर. नेमके तेव्हाच निमंत्रकांत धाकट्या काकांचे नाव राहिल्याचे त्यांच्या लक्षात येते. (प्रुफावर त्यांचीच सही असते. ते प्रूफ पैसे येईपर्यंत तिजोरीत.)

सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक म्हणजे उमेदवार. पडलेला "आता कुठून देऊ?" म्हणतो, निवडून आलेला भेटतच नाही. तेव्हा पत्रकांचे पैसे आगाऊच घ्यावेत. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ नुसार पत्रकावर मुद्रक-प्रकाशकांची नावे-पत्ते लागतात. शिवाय छापण्याआधी प्रकाशकाकडून त्याच्या ओळखीचे निवेदन घ्यायचे असते, त्याच्या सहीचे आणि त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेले. "मी कुठं छापायला सांगितलं होतं?" या जुनाट दुखण्यावर हा कागद उत्तम गुणकारी.

तगाद्याला मिळणारी उत्तरे नीट ऐकावीत. "सोमवारी देतो" म्हणजे सोमवार ठरलेला आहे, महिना नाही. "पोराला पाठवतो" म्हणजे पोराला काही माहीत नाही. "तुमचे पैसे कुठे जातात?" हे सर्वांत वाईट. ते जायच्याच वाटेवर असतात.

कारण १९६३ चा मुदत कायदा. पैसे कधी द्यायचे ते ठरलेले नसेल, तर काम करून माल दिल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. त्यानंतर कोर्टाच्या लेखी तुम्ही हौसेने छपाई केलीत. मात्र मुदत संपण्याआधी गिऱ्हाइकाने "इतके देणे लागतो" असे लिहून सही दिली, की तीन वर्षे नव्याने मोजायची. पाचशे रुपये रोख टेकवले तर हुरळून जाऊ नये, भरणा केल्याचे त्याच्याच हातचे किंवा त्याच्या सहीचे लिखाण घ्यावे. नुसत्या नोटेने मुदत वाढत नाही.

सही मागताना 'वसुली' हा शब्द उच्चारू नये. "सीएला खाते जुळवून हवंय, बाकीच्या आकड्याखाली तेवढी सही करा" म्हणावे. पैसे देताना ज्याचा हात आखडतो, तो सही मात्र झोकात करतो, खाली दोन टिंबे देऊन. तारीख त्याच्याच हाताने घालून घ्यावी. पेन परत देताना तो विचारील, "व्हिजिटिंग कार्डं कधी होतील?"

निम्मे आगाऊ मागावेत.