सूनबाईंची घडणावळ

बर्मिंगहॅम

तीर्थरूप आईस,


तुझी सून सोनारकाम शिकते म्हणजे नेमकं काय करते, हे तू फोनवर विचारलंस आणि नेमका तेव्हाच आमचा धुराचा अलार्म कोकलायला लागला. त्यातच निम्मं उत्तर होतं. उरलेलं लिहून कळवतो.

आधी तुझी काळजी मिटवतो: नोकरी सोडलेली नाही. दिवसा ती ऑफिसात लोकांचे हिशेब तपासते आणि संध्याकाळी ज्वेलरी क्वार्टरमधल्या वर्गाला जाते. हा भाग म्हणजे इथली गुजरी, सराफांची पेठ, फक्त आपल्या गुजरीपेक्षा बरीच पसरलेली. व्हिटोरिया स्ट्रीटवर दागिने घडवायला शिकवणारी शाळा १८९० पासून आहे. आज ती बर्मिंगहॅम सिटी युनिव्हर्सिटीत मोडते. सूनबाईंचा वर्ग तिथला नव्हे, साधा संध्याकाळचा आहे. पण जाता-येता त्या इमारतीकडे ती जशी बघते, ते पाहता पुढचा खर्च आम्ही आत्ताच मनाशी धरून ठेवलाय.

पहिला धडा करवतीचा. पाती इतकी नाजूक की हात जरा तिरका झाला तरी तुटतात, आणि ती डझनावारी का विकतात हे सूनबाईंना पहिल्याच संध्याकाळी कळलं. कामाच्या टेबलाला अर्धचंद्राकार खाच असते आणि तिच्या खाली चामड्याची झोळी टांगलेली. कानस मारताना पडणारा चांदीचा कीस त्या झोळीत जमतो आणि शेवटी वितळवायला जातो. त्यावरून वर्गात एक गोष्ट सांगितली: व्हाइस स्ट्रीटवर स्मिथ अँड पेपर नावाचा दागिन्यांचा जुना कारखाना होता. मालकांनी १९८१ साली तो बंद केला आणि अवजारं, कागदपत्रं, चहाचे कप असं सगळं जागच्या जागी सोडून ते निघून गेले. आता तिथे संग्रहालय आहे. हे कारखानदार जमिनीवरची झाडलोट आणि कामगारांनी हात धुतलेलं पाणीसुद्धा फुकट जाऊ देत नसत, त्यातूनही सोनं काढत. ते ऐकून वर्गातल्या गोऱ्या मंडळींनी आ वासला. सूनबाई मात्र शांत. गुजरीत दुकानांपुढची धूळ झाडून नेणारे झारेकरी तिने लहानपणापासून पाहिलेत.

खरी गंमत डाख द्यायची. चांदीचा डाख मुख्यतः तीन प्रतींचा मिळतो: एक उशिरा वितळणारा, एक मधला आणि एक लवकर वितळणारा. पहिला सांधा उशिरा वितळणाऱ्या डाखाने जोडायचा, नाहीतर दुसरा जोडताना पहिला सुटतो. सांध्याला टाकणखार लावायचा आणि गॅसची ज्योत एका जागी न धरता दागिन्यावरून फिरवत राहायची. शुद्ध चांदी ९६२ अंशांच्या सुमारास वितळते. साडेसात टक्के तांबं घातलेली स्टर्लिंग चांदी त्याच्या बरीच आधी. सूनबाईंची पहिली अंगठी या दोन वाक्यांच्या मधे कुठेतरी गोळा झाली. तो गोळा तिने देवघरात ठेवलाय. आमच्या धाकट्या मुलाला वाटतं शाळिग्राम आहे.

तापवलेली चांदी काळवंडते, म्हणून ती कोमट आम्लात टाकतात. आम्ल कोमट राहावं यासाठी इथले छोटे कारागीर स्वयंपाकाचं मंद आचेचं विजेचं भांडं वापरतात. आमचंही गेलं. त्यात आता वरण कधीच शिजणार नाही. थोरल्याने एकदा मदत म्हणून स्वयंपाकघरातला स्टीलचा चिमटा त्यात बुडवला, तर आतल्या सगळ्या कानातल्यांवर तांब्याचा लालसर थर चढला. त्या आम्लात लोखंड चालत नाही, तांब्याचा चिमटा वापरतात, हे विज्ञान आता घरातल्या प्रत्येकाला पाठ आहे.

तुझा दुसरा प्रश्न, "तिकडे नऊ कॅरेटलाही सोनं म्हणतात हे खरं का?" खरं आहे. हजारात ३७५ भाग सोनं असलं की इथल्या कायद्याने ते सोनंच. उरलेल्या साडेबासष्ट टक्क्यांत काय असतं, असं तू विचारशीलच: चांदी, तांबं, कधी जस्त. पण नाक मुरडू नकोस, २०२५ पासून भारतातही नऊ कॅरेटला हॉलमार्क मिळतो.

हॉलमार्कचा पसारा इथे फार जुना आहे. पूर्वी बर्मिंगहॅमच्या कारागिरांना आपला माल तपासणीसाठी चेस्टरला किंवा लंडनला धाडावा लागे आणि वाटेत तो चेपून येई. मॅथ्यू बोल्टन नावाच्या कारखानदाराने पार्लमेंटच्या मागे लागून १७७३ साली गावातच तपासणी कचेरी आणली. तिचा शिक्का म्हणजे जहाजाचा नांगर, आणि समुद्र इथून कित्येक मैल लांब! लंडनच्या 'क्राउन अँड अँकर' खानावळीत नाणं उडवून बर्मिंगहॅमने नांगर आणि शेफील्डने मुकुट वाटून घेतला, अशी दंतकथा आहे. तुझ्या नव्या पाटल्यांवर सहा अक्षर-अंकांचा कोड आहे तो त्या दागिन्याचा, इथे प्रत्येक कारागिराचा स्वतःचा शिक्का असतो: चौकटीत नावाची आद्याक्षरं, नोंदणी दहा वर्षांची. सूनबाईंनी माहेरची आद्याक्षरं घेतली. त्यावर घरात चर्चा झाली, पण ती नोंदणी झाल्यानंतर. चांदीची वस्तू ७.७८ ग्रॅमपेक्षा हलकी असेल तर हॉलमार्क सक्तीचा नाही. ते वजन म्हणजे तोळ्याचे दोन तृतीयांश, त्यामुळे तिची बरीचशी कानातली सुटतात.

मग धंद्याचा वर्ग, आणि इथे मात्र घाम फुटला. वर्षाला हजार पौंडांपेक्षा जास्त विक्री झाली की करखात्याकडे नाव नोंदवायचं. विक्री ९०,००० पौंडांच्या वर गेली तर २० टक्के व्हॅटची नोंदणी. ती चिंता सध्या नातवंडांवर सोडली आहे. सूनबाईंनी घडवलेली ठुशी हातात घेऊन शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "या ठुशीला चांदी किती आणि तास किती?" चांदीचा आकडा सूनबाईंनी पैशापर्यंत सांगितला. तासांपुढे शून्य! दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब तपासणारी बाई स्वतःचा वेळ फुकट धरत होती. बाईंनी फळ्यावर मांडलं: धातू, तास, वीज-भाडं, वर नफा, आणि दुकानातून विकायचं तर दुकानदाराचा वाटा वेगळा, तो निम्म्यापर्यंत जाऊ शकतो. ठुशीची किंमत चांदीच्या कितीतरी पट निघाली.

हा हिशेब घेऊन सूनबाई मराठी मंडळाच्या दिवाळीत टेबल मांडून बसली. आपल्या बायकांनी ठुशी तळहातावर झुलवली, वजन विचारलं, मोबाईलवर चांदीचा भाव बघितला आणि मनातल्या मनात गुणाकार करून म्हणाल्या, "घडणावळ फारच लावलीस गं!" आई, गुजरीत तू हेच करतेस आणि फार छान करतेस. पण एकेक मणी गोल करून, डाखून, घासून ओवायचा म्हणजे काय, ते आता आमच्या घरात रोज रात्री दिसतं. त्या दिवशी तिने एक पैसाही कमी केला नाही. ठुशी एकच खपली. घेणारीने वजन विचारलं नाही, एवढंच विचारलं की मागचा फासा कुणी घडवला.

दोन कामं आहेत. हुपरीला कुणी जाणार असेल तर तिथल्या एखाद्या जुन्या कारागिराला विचारून कळव, पैंजणाच्या घुंगराच्या दोन वाट्या जोडताना आतल्या खड्याचं काय करतात. इथे कुणाला ते धड सांगता येत नाही. आणि आत्याने ठुशी मागवली आहे, "घरचीच तर आहे, चांदीचे पैसे देते" असं म्हणून. तिच्याकडून निम्मे पैसे आगाऊ घेऊन ठेव आणि घडणावळ वेगळी पडेल हे आधीच सांग. निरोप सूनबाईंचा आहे, माझा नाही.

तुझा,
धाकटा