व्हॉल्व्हचा रेडिओ रोज ऐकण्याचा शास्त्रोक्त विधी (जयगड व पंचक्रोशीसाठी)

शास्त्रग्रंथाची रीत अशी की आधी अधिकारी कोण ते सांगावं, मग विषय, मग प्रयोजन. आम्ही ती मोडत नाही. ज्याच्या घरात एक भक्कम फळी, दारात दोन माड, न्हाणीमागे एक केळ आणि माजघरात सहनशील माणसं आहेत, तोच व्हॉल्व्हचा रेडिओ रोज ऐकण्याचा अधिकारी. जयगडात पहिल्या तीन गोष्टी शोधाव्या लागत नाहीत. चौथीबद्दल पुढे बोलू. चालता चालता किंवा अंथरुणात कूस बदलत ऐकणाऱ्यांचा इथे विचार केलेला नाही. त्यांनी तवसाळची फेरीबोट पकडावी आणि कानात जे काय खुपसायचं ते खुपसून पलीकडे जावं.

प्रयोजन विचारू नये.

रेडिओ विकत आणायचा नसतो. तो माळ्यावर असतोच. मोडक्या पाळण्याच्या आणि गणपतीच्या मखराच्या मागे मर्फी, फिलिप्स, बुश, नॅशनल एको यांतलं काहीतरी निघतं. त्याच्याबरोबर पोस्टाचं लायसनचं पुस्तकही निघण्याचा संभव आहे. वर्षाला १५ रुपये पोस्टात भरल्याशिवाय घरात रेडिओ ठेवणं हा एके काळी गुन्हा होता. ऐंशीच्या दशकात सरकारने ती भानगड संपवली. आता परवानगी फक्त घरातल्यांची लागते, आणि ती पंधरा रुपयांत मिळत नाही.

माळ्यावरून खाली उतरवल्यावर प्रत्येक माणूस दोनच गोष्टी करतो. फडक्याने पुसतो आणि पिन लावतो. पहिली क्रिया निरुपद्रवी आहे, दुसरी या शास्त्रात महापातक. चाळीस वर्षं निजलेल्या सेटमधले मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून निकामी झालेले असतात. त्यांना एकदम अडीचशे-तीनशे व्होल्ट दाखवले की ते फुगतात, फुटतात आणि असा वास सोडतात की शेजारी चौकशीला येतात. म्हणून आधी मागचा भोकाभोकांचा पुठ्ठा काढून आत कोण राहतं ते बघावं. कुंभारमाशीची मातीची घरं, पालीची अंडी, झुरळांची वसाहत आणि वायरींवरचं रबर खाऊन गेलेल्या उंदराच्या खुणा ही नेहमीची मंडळी. सगळ्यांना रीतसर बाहेर काढावं.

मग सिरीज बल्ब. जुन्या वायरमनकडे हे साधन असतं. रेडिओच्या वाटेत शंभर वॅटचा तारेचा बल्ब आडवा घालायचा. तो लख्ख पेटला आणि तसाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. आधी उजळून मग मंद झाला तर आशा आहे. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही, आणि तारेचा बल्ब हल्ली दुकानात मागितला तर दुकानदार आपल्या वयाचा अंदाज घेतो. असा एखादा बल्ब मिळाला तर तो समईशेजारी ठेवावा.

मेणात बुडवलेले कागदी कंडेन्सर सरसकट बदलावेत, विशेषतः आवाज देणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेला. तो गळका झाला की तो व्हॉल्व्ह, समजा ईएल ८४, आतून लालबुंद होतो, त्याच्या पाठोपाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो आणि त्याच्याही पाठोपाठ मालक. हे काम रत्नागिरीत करून घ्यावं. दुकानाची पाटी मोबाईल रिपेअरिंगची असेल, त्याकडे लक्ष देऊ नये. काउंटरच्या मागे जाड जुना सोल्डरिंग आयर्न आणि चष्म्यावरून बघणारे काका दिसले की आत शिरावं. व्हॉल्व्ह मिळत नाहीत हा गैरसमज आहे. ईएल ८४ आजही रशियात आणि स्लोव्हाकियात नवा बनतो, कारण जगभरच्या गिटारवाल्यांना आपला ॲम्प्लिफायर त्यावरच लागतो. आपल्या पडवीतल्या भजनाची सोय तिकडचे रॉकवाले करताहेत, हे भजनी मंडळाला सांगायची गरज नाही.

आता एक परिच्छेद थट्टा बाजूला ठेवून. सेटमधल्या व्हॉल्व्हची नावं यूसीएच ८१, यूसीएल ८२, यूवाय ८५ अशी ‘यू’ने सुरू होत असतील तर तो एसी-डीसी सेट आहे. त्यात मेन ट्रान्सफॉर्मर नसतो, आणि विजेची एक तार थेट लोखंडी चासीला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की सगळी चासी जिवंत. एखादं बटण हरवून नुसता दांडा उरला असेल आणि तुम्ही अंघोळ करून ओल्या पायांनी भक्तिसंगीत लावायला आलात, तर पुढचा कार्यक्रम तुमच्यासाठी दुसरे लोक म्हणतील. अशा सेटला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा, हरवलेली बटणं बसवावीत आणि मागचा पुठ्ठा पुन्हा घट्ट लावावा. पोरांना लांब ठेवावं. थट्टा पुढे चालू.

एरियलसाठी शहरात खोलीभर तांब्याच्या जाळीची पट्टी ताणत असत. जयगडात एवढं काटकसरीने वागायचं कारण नाही. दोन माडांच्या मध्ये तांब्याची तार, दोन्ही टोकांना चिनी मातीचे इन्सुलेटर, बस. तार बांधायला पाडेल्याला सांगावं. नारळ उतरवायला तो चढणारच आहे. मात्र तारेला भरपूर झोळ ठेवावा, कारण वाऱ्यात दोन माड कधीच एका दिशेला डुलत नाहीत. आगोटीचे ढग दिसले की एरियल काढून थेट अर्थला जोडावी. वीज कडाडत असताना स्टेशन फार छान लागतं, या अनुभवाचे साक्षीदार कमी आहेत.

अर्थिंगचा प्रश्न जांभ्याच्या जमिनीत बिकट. मार्चनंतर कातळ इतका सुकतो की त्यात पुरलेली पट्टी नुसती पुरलेलीच राहते. इथे केळ उपयोगी पडते. न्हाणीचं पाणी जिथे केळीच्या बुंध्याशी जातं तिथली माती बारमाही ओली. पट्टी तिथे पुरावी. घरात कुणी अंघोळीला बसलं की रत्नागिरी केंद्र जरा सुधारतं, असा आमचा दावा आहे. घरातल्यांना तो मान्य नाही.

एवढं झालं की रेडिओ लावावा. सकाळच्या प्रादेशिक बातम्यांसाठी मिनिटभर आधी बटण फिरवावं. अर्ध्या मिनिटात व्हॉल्व्ह तापतात, खर्जात एक हुंकार येतो आणि सेटला मॅजिक आय असेल तर तो हिरवा डोळा हळूहळू उघडतो. या अर्ध्या मिनिटात काहीही करायचं नसतं. मुंबईहून गणपतीला आलेल्या मुलांना ही पायरी सगळ्यात अवघड जाते. ती तेवढ्यात “बाबा, बंद आहे वाटतं” म्हणून प्लग हलवतात.

आकाशवाणीचं रत्नागिरी केंद्र १९७७ साली सुरू झालं. तुमचा सेट त्याच्या आधीचा, त्यामुळे काचेवर दिल्ली, कोलंबो, लंडन सापडेल, पण पस्तीसेक किलोमीटरवरची रत्नागिरी सापडणार नाही. केंद्राची जागा मीडियम वेव्हवर ११४३ किलोहर्ट्झ. जुन्या काचेवर आकडे मीटरमध्ये, म्हणून तीन लाखांना ११४३ने भागावं आणि काटा २६२च्या आसपास न्यावा. मुंबईच्या अस्मिता वाहिनीचे ५५८ किलोहर्ट्झ म्हणजे ५३७ मीटर, काट्याचं पार शेवटचं टोक. हे गणित मुलांकडून करून घ्यावं. आकाशवाणी मीडियम वेव्हचे जुने ट्रान्समीटर एकेक करून बंद करत एफएमकडे चालली आहे आणि काही ट्रान्समीटरवर डिजिटल प्रक्षेपण आलं आहे. काटा एखाद्या ठिकाणी नेल्यावर नुसता धबधबा ऐकू आला तर सेट बिघडला असं समजू नये. ते दुसऱ्याच्या नावाचं पत्र आहे असं मानून काटा पुढे सरकवावा.

शॉर्टवेव्हचा मोह टाळावा. माहितीमंत्री बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार केली आणि १९५२च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली, तेव्हा सगळ्या देशाचा काटा शॉर्टवेव्हवर होता. केसकर मराठी, संगीताचे दर्दी. एवढ्या लोकांना एवढ्या लांबचं स्टेशन लावायला शिकवणारा दुसरा मंत्री झाला नाही. शेवटी १९५७ साली विविध भारती काढून आकाशवाणीला श्रोते परत बोलवावे लागले. आज त्या बँडवर बहुतेक खरखर आहे. बीबीसीची हिंदी शॉर्टवेव्हसुद्धा २०२०च्या जानेवारीत थांबली.

पण मीडियम वेव्हवर जयगडकर नशीबवान आहे, आणि याचं श्रेय खाऱ्या पाण्याला. मीडियम वेव्हची लहर कोरड्या जमिनीवरून जाताना लवकर दमते, समुद्राच्या पाण्यावरून मात्र कितीतरी लांब टिकते. शिवाय सूर्य मावळला की दिवसा ही लहर शोषून घेणारा वातावरणाच्या वरचा थर विरतो आणि लांबची स्टेशनं आभाळाला थडकून खाली येतात. रात्री साडेनऊनंतर दीपगृहाचा झोत फिरत असताना तुमच्या पडवीत अरबी गाणी वाजू शकतात. ती कुठली हे ओळखता आलं नाही तरी ‘आखात’ म्हणावं. कुणी खोडून काढत नाही.

आता ते चौथं प्रकरण, सहनशील माणसांचं. रेडिओ दुरुस्त, एरियल माडावर, अर्थ केळीत, आणि तरीही सेट नुसता गुरगुरतो. लोक रेडिओ पुन्हा रत्नागिरीला नेतात. तो तिथे खणखणीत वाजतो आणि जयगडला आल्यावर पुन्हा गुरगुरतो. निदान असं की रेडिओ ठीक आहे, घर बिघडलेलं आहे. मोबाईलचा चार्जर, स्वस्तातला एलईडी बल्ब, डिशचा डबा, वायफायचा खोका, पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, यांतला प्रत्येक जण सेकंदाला कितीतरी वेळा वीज तोडजोड करतो आणि त्याचा कचरा मीडियम वेव्हवर फेकतो. आजोबांच्या काळी घरात मोजून दोन बल्ब आणि बाहेर काळोख होता. म्हणून त्यांना लंडन लागत असे.

उपाय सरळ आहे. रोज सकाळी सात ते साडेआठ घरातलं बाकी सगळं बंद करावं. हे कसं सांगायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. “अहो, फ्रीज तरी राहू दे” इथे तडजोड करावी. फ्रीज चालू-बंद होताना फक्त एकदा टक् करतो. चार्जरबाबत तडजोड नाही. सूनबाईंचा फोन आठ टक्क्यांवर आहे असं कळलं तर तिला शेजारी चहाला पाठवावं, फोनसकट. शेजारच्या घरातला कचराही तारांवरून आपल्याकडे येतो, म्हणून शेजाऱ्यांशी संबंध चांगले ठेवावेत, नाहीतर त्यांनाही रेडिओची गोडी लावावी.

खरं निर्मळ आकाश मिळतं ते लाईट गेल्यावर. वाडीतला शेवटचा चार्जर गप्प होतो, मीडियम वेव्ह कोरी होते आणि नेमका त्याच क्षणी आपला रेडिओही बंद असतो. इन्व्हर्टर लावून बघू नये. साधा इन्व्हर्टर सगळ्या गावाइतकी गुरगुर एकटा करतो. इथून कोसावर बाराशे मेगावॅटचं औष्णिक वीजकेंद्र आहे. एका सेटला साठ वॅट धरले तर तिथली वीज दोन कोटी व्हॉल्व्हच्या रेडिओंना पुरेल. पण पहिल्या सरीला वीज माडांच्या झावळ्यांतून कशी वाट काढते हा वेगळा विषय आहे. जुन्या लोकांनी हा पेच आधीच सोडवला होता. वीज पोचली नव्हती त्या गावांसाठी नव्वद व्होल्टच्या कोरड्या बॅटरीवर चालणारे व्हॉल्व्हचे सेट मिळत. तसला सेट माळ्यावर निघाला तर आम्हाला कळवावं. बॅटरी आता कुठे मिळत नाही, पण हेवा करायला बरं.

घरच्यांनी ऐकलंच नाही तर शेवटचा, किंचित लाजिरवाणा मार्ग आहे. सेटच्या मागे ‘पिकअप’ किंवा ‘ग्रामोफोन’ लिहिलेली दोन भोकं असतात. त्यात मोबाईलची वायर जोडावी, यूवाल्या सेटला मात्र आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय मुळीच नाही. मग प्रसारभारतीच्या ‘न्यूज ऑन एअर’वर आकाशवाणीची हवी ती वाहिनी लावावी. आवाज लाकडी पेटीतून येतो आणि कुणाला काही कळत नाही. पाहुणे आले की काटा उगाच थोडा फिरवावा.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात, पण हे सगळ्यात खरं. रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. खारी दमट हवा बँडच्या स्विचवर हिरवं साचवते, स्पीकरचा कागद फुगवते, कॉइलला बुरशी आणते. याला एकच औषध आहे. सेट रोज दोन तास लावावा. साठ वॅटच्या उबेने आतली सगळी सर्द निघून जाते. दाखवायला फळीवर ठेवलेला, क्रोशाचा रुमाल घातलेला रेडिओ जूनमध्ये मरतो. रोज बातम्या ऐकणारा सप्टेंबर बघतो. वर ऊब असते म्हणून मांजर येऊन बसेल. बसू द्यावं, मागची भोकं तेवढी मोकळी ठेवावीत. सादळलेली काडेपेटीही त्याच्या शेजारी ठेवायला हरकत नाही.

आणि एक विनंती. घर पाडून स्लॅब टाकताना जुना सेट भंगारवाल्याला किलोच्या भावाने देऊ नका. निदान व्हॉल्व्ह काढून कापसात गुंडाळून ठेवा. ईएम ८४, म्हणजे मॅजिक आय, असेल तर आधी आम्हाला विचारा.