बाहेरून एम.ए.

भोसरी, मोशी, चिखली, तळवडे या पट्ट्यात माणूस काय करतो हे त्याला विचारावं लागत नाही. पहाटे साडेपाचला सेफ्टी शूज घालून कोपऱ्यावर उभा असेल तर पहिली पाळी. गळ्यात निळी पट्टी आणि पाठीवर लॅपटॉप असेल तर हिंजवडी. आणि मोशीच्या सिग्नलला हेल्मेटच्या आत पुटपुटत, मध्येच डोळे मिटून बोटं मोजत असेल, तर ते सर. ते रामरक्षा म्हणत नसतात. पियाजेच्या बोधात्मक विकासाच्या चार अवस्था म्हणत असतात, आणि त्यातली तिसरी दर वेळी विसरतात. शाळेत त्यांच्यापुढे बसणारी सहावीची मुलं नेमकी त्याच अवस्थेतून बाहेर पडत असतात, पण सरांना ती तिथे दिसत नाही. पुस्तकात दिसते.

सर चाकणच्या एका अनुदानित शाळेत शिकवतात, मोशीला राहतात, वय पंचेचाळीस, आणि सध्या शिक्षणशास्त्रात एम.ए. करतात. बाहेरून. असे सर एकच नाहीत. या पट्ट्यातल्या बहुतेक शिक्षकखोल्यांत एक तरी सापडतो. कपाटात खडूच्या खोक्यामागे त्याची अभ्यासपुस्तिका असते, तिला वर्तमानपत्राचं कव्हर असतं आणि कव्हरवर 'सहावी ब – निकालपत्रके' असं लिहिलेलं असतं.

कशासाठी करता, असं विचारलं तर सर 'शिकण्याला वय नसतं' असं म्हणतात. हे खरं आहे, पण वेतनश्रेणीला वय असतं. बारा वर्षं नोकरी झाली की वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षं झाली की निवडश्रेणी, असा हा मार्ग. पहिलं तप सरांनी निभावलं. दुसऱ्या तपाला मात्र नुसती तपश्चर्या पुरत नाही, शैक्षणिक पात्रताही वाढवावी लागते. ते तप पुरं व्हायला दोन वर्षं उरली तेव्हा सरांना ज्ञानाची भूक लागली. यात हसण्यासारखं काही नाही. जगातली निम्मी विद्यापीठं अशाच भुकेवर चालत असावीत.

एम.एड.चा विचार त्यांनी केला होता. पण २०१४च्या नियमांनंतर एम.एड. दोन वर्षांचं झालं, त्याला बी.एड. लागतं, हजेरी लागते, आणि हजेरी म्हटलं की रजा लागते. मुख्याध्यापकांनी अर्ज न वाचताच सांगितलं, "करा की! फक्त शाळेच्या वेळेत करू नका." एम.ए.ला ही कटकट नाही. घरी पुस्तकं येतात, रविवारी संपर्कसत्रं, शेवटी परीक्षा. दोन वर्षांत झालं तर उत्तम, नाही झालं तर पुढे मुदत असते. ही 'पुढे मुदत असते' ओळ सरांनी माहितीपुस्तिकेत हायलाइटरने रंगवून ठेवली आहे. बाकी पुस्तिका कोरी आहे.

आधी इग्नूचं बघून झालं. एम.ए. एज्युकेशनचे विषय एमईएस-०१२, एमईएस-०१३ अशा ओळीने लावलेले. चाकणच्या माणसाला हे पार्ट नंबरसारखं वाटून बरं वाटलं, पण माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. सर मग नाशिकच्या मुक्त विद्यापीठाकडे वळले. हे विद्यापीठ जुलै १९८९ मध्ये सुरू झालं. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले, त्याआधी पुणे विद्यापीठाचे आणि नंतर इग्नूचेही. सरांना हा इतिहास पाठ आहे, कारण सोसायटीत 'बाहेरूनची डिग्री चालते का हो?' असं कोणी ना कोणी विचारतंच. तेव्हा सर ताकवल्यांपासून सुरू करतात, विलायतेतल्या ओपन युनिव्हर्सिटीपर्यंत जातात (तिथे १९७१ पासून लोक भल्या पहाटे बीबीसीवर गणिताची व्याख्यानं बघायचे), आणि तरीही समोरच्याचा चेहरा हलला नाही तर पिशवीतून यूजीसीची सप्टेंबर २०२२ची सूचना काढतात. मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या तोडीची मानावी, असं तीत म्हटलं आहे. तिची झेरॉक्स लॅमिनेट केलेली आहे.

विद्यापीठाच्या नावाने घरात एक गोंधळ झाला तो वेगळाच. विद्यापीठ यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं, आणि पिंपरीत यशवंतराव चव्हाण म्हणजे संत तुकारामनगरचं महापालिकेचं हॉस्पिटल. सरांनी गावी आईला फोन करून मोठ्या अभिमानाने सांगितलं, "आई, यशवंतराव चव्हाणला ॲडमिशन झाली." पलीकडून आधी शांतता आणि मग रडण्याचा आवाज. संध्याकाळी चुलतभाऊ नारळपाणी घेऊन मोशीत हजर.

विद्यापीठाचं ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी' असं आहे. सरांच्या घरी ती येते, पण वाटेत चाकण लागतं. पुणे-नाशिक महामार्गावर रोज सकाळी मोशी, इंद्रायणीचा पूल, चिंबळी फाटा, कुरुळी, आळंदी फाटा अशी यात्रा असते. ट्रेलरवर कोऱ्या गाड्या, मागे कंपन्यांच्या बस, मध्ये कांद्याचे टेम्पो. दुचाकीचं सर्व्हिसिंग असेल त्या दिवशी सर बसने जातात आणि या कोंडीचं माप त्यांनी अभ्यासाच्या भाषेत बसवलं आहे: चिंबळी फाट्यापर्यंत आदर्शवाद, कुरुळीपर्यंत निसर्गवाद आणि तळेगाव चौकात सिग्नल लागला तर कार्यवादही उरकतो. ज्या दिवशी रस्ता मोकळा मिळतो त्या दिवशी अभ्यास मागे पडतो. गंमत म्हणजे हाच रस्ता सरळ नाशिकला जातो. वीस वर्षं सर विद्यापीठाच्या दिशेने निघताहेत आणि रोज चाकणला उतरताहेत.

संपर्कसत्रं रविवारी असतात. साऱ्या महाराष्ट्राला ते सोयीचं, पण इथे नाही. भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीत विजेच्या वेळापत्रकामुळे सुट्टी गुरुवारची. त्यामुळे वर्गात शिक्षक मंडळी ताजीतवानी आणि कारखान्याकडची मंडळी तिसरी पाळी करून आलेली. आयटीआयचे एक निदेशक, एका कंपनीच्या ट्रेनिंग विभागातले एक गृहस्थ, चिखलीच्या बालवाडीच्या दोन बाई, एचए कंपनीतून निवृत्त झालेले आणि आता वेळ जात नाही म्हणून आलेले एक काका, आणि सर. ट्रेनिंगवाले पहिल्या दहा मिनिटांत झोपतात, पण विषय निघाला की झोपेतूनच सर्वांत चांगलं उत्तर तेच देतात. 'प्रौढाला शिकवायचं तर आधी त्याला ते कशाला लागतं ते सांगा,' असं माल्कम नोल्सचं म्हणणं सत्र घेणाऱ्या समंत्रकांनी फळ्यावर लिहिलं, तर हे डोळे न उघडता म्हणाले, "आमच्याकडे नवीन पोरगा आला की आधी त्याला तुटलेला टूल दाखवतो, मग मशीन." समंत्रकांनी ते टिपून घेतलं.

सर शेवटच्या बाकावर बसतात. शाळेत याच बाकावरच्या मुलांना ते वर्षानुवर्षं पुढे बोलावत आले आहेत. समंत्रकांनी 'शंका?' म्हटलं की सरांची एकच शंका असते: "सर, आयएमपी कोणते?" हा प्रश्न शाळेत कुणी विचारला तर ते अर्धा तास नैतिक शिक्षणाचा तास घेतात.

आयएमपीचं खरं पीठ मात्र अभ्यासकेंद्राच्या बाहेर, झेरॉक्सच्या दुकानात आहे. दुकानदार नववीपर्यंत शिकलेला, पण गेली कित्येक वर्षं स्वाध्याय, प्रश्नपत्रिका आणि नोट्स त्याच्या काचेवरून गेल्यामुळे शिक्षणाच्या तत्त्वज्ञानात त्याच्याएवढा मुरलेला माणूस तालुक्यात नसावा. सरांना त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं, "फ्रोबेल येतोच येतो. ड्युई एक वर्ष आड. माँटेसरीवर टीप येते, मोठा प्रश्न नाही." फ्रोबेलने १८३७ साली जर्मनीतल्या एका गावात लहान मुलांची शाळा काढली तेव्हा हे त्याच्या स्वप्नातही नसेल. सरांनी स्वाध्यायाची मागच्या वर्षीची प्रत विकत घेतली आणि स्वतःच्या अक्षरात उतरवली. उतरवताना 'कॉपीची कारणे व उपाय' या प्रश्नाशी त्यांचा हात क्षणभर थबकला. मग तोही उतरवला.

घरी बाईसाहेबांचं मत वेगळं आहे. "बी.एड.ची पाठ-टाचणं कुणी लिहिली होती ते आठवतंय ना?" एवढंच त्या विचारतात आणि भाजी फोडणीला टाकतात. दहावीतली मुलगी मात्र वडिलांच्या अभ्यासावर खूश आहे, कारण घरात पहिल्यांदाच कुणाला तरी तिच्याइतकाच ओरडा खावा लागतो. रात्री दोघांनी समोरासमोर बसायचं असं ठरलं. वीस मिनिटांनी कोण झोपतं हे सांगायची गरज नाही.

तरी सरांवर अभ्यासाचा परिणाम होत नाही असं म्हणता येणार नाही. पाउलो फ्रेरीचं पुस्तक १९७० साली इंग्रजीत आलं. शिक्षक मुलांच्या डोक्यात ज्ञान जमा करतो आणि परीक्षेला काढून घेतो, या बँकेच्या पद्धतीवर त्याचा राग. सरांना तो रविवारी फार पटला. सोमवारी त्यांनी तो प्रकार वर्गात सांगितला, मुलांनी वहीत लिहून घेतला, आणि सरांनी लगेच विचारलं, "काय लिहिलं? वाचून दाखवा." ड्युईचा प्रयोग जास्त रंगला. 'करून शिकणे' म्हणून सरांनी सहावी ब ला आपापल्या वस्तीतल्या कामधंद्यांची यादी करायला सांगितली. मुलांनी ज्या याद्या आणल्या त्यांत परभणी, बीड, लातूर, बिहार, ओडिशा सगळं होतं. प्रेस ऑपरेटर, पॅकिंग, फोर्कलिफ्ट, कॉट बेसिसवर राहणारी पोरं, डबे पुरवणारी आई. एका मुलीने बारा तासांच्या पाळीत किती नटबोल्ट आवळले जातात याचा हिशेब वडिलांना विचारून आणला होता. सर त्या दिवशी शिक्षकखोलीत चहा घ्यायला आले नाहीत. घंटा झाली तरी त्या याद्या वाचत बसले होते. हे त्यांच्या स्वाध्यायात कुठेच आलं नाही, कारण मागच्या वर्षीच्या प्रतीत ते नव्हतं.

लेखी परीक्षेत सरांची भिस्त तीन गोष्टींवर असते. हंटर आयोगापुढे १८८२ साली जोतीराव फुल्यांनी दिलेलं निवेदन त्यांना तोंडपाठ आहे. कोलंबियात ड्युई बाबासाहेबांचे शिक्षक होते, हे ते प्रश्न कुठलाही असला तरी घालतात. आणि उत्तर कमी भरलं तर कोठारी आयोग आहेच: १९६४ ते ६६, सदस्य-सचिव जे. पी. नाईक, शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च. हे सहा टक्के सरकारने दिले की नाही तो भाग वेगळा, सरांना मात्र त्यावर पुरेसे गुण मिळाले आहेत.

खरी कसोटी लघुशोधप्रबंधाची. विषयाचं नावच असं: 'चाकण परिसरातील इयत्ता सहावीच्या विद्यार्थ्यांच्या मराठी वाचनातील अडचणींचा शोध व त्यावरील उपाययोजनांच्या परिणामकारकतेचा अभ्यास'. मार्गदर्शकांनी 'अजून थोडं नेमकं करा' म्हटल्यावर सरांनी 'निवडक' हा शब्द घातला. ऑगस्टमध्ये पूर्वचाचणी झाली, छान झाली. चार महिने वाचनाचे खेळ झाले. आणि डिसेंबरात उत्तरचाचणी घ्यायला गेले तर नमुन्यातली मुलंच वर्गात नाहीत! कुणाच्या वडिलांचं कंत्राट संपलं, कुणी रांजणगावला गेलं, कुणी गावी. त्यांच्या जागी नवी मुलं आलेली, त्यांना पूर्वचाचणीच नाही. शून्य परिकल्पना टिकली की मोडली, हे ठरवायला कुणीच शिल्लक नव्हतं. सर दोन शनिवार कुरुळी आणि निघोजेच्या चाळींमध्ये गेलेल्या मुलांचे पत्ते शोधत फिरले. पाच सापडली. त्यातल्या एकाने सरांना बघून विचारलं, "सर, पुस्तक आणलंय का?" सरांनी चाचणी बाजूला ठेवून आधी त्याचं वाचन ऐकलं.

प्रबंधाच्या शिफारशी मात्र ठरलेल्या निघाल्या: शिक्षकांनी दृक्‌श्राव्य साधने वापरावीत, पालकांनी लक्ष द्यावे, शासनाने दखल घ्यावी. मार्गदर्शकांनी सही केली.

एवढ्यात १ सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्यांपैकी ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायचं. सरांची तेरा वर्षं उरली आहेत. आता त्यांच्या टेबलावर दोन पियाजे आहेत: एक एम.ए.चा, पाच पानं लिहायचा. दुसरा टीईटीचा, चार पर्यायांतून ओळखायचा. दुसऱ्यात दीडशे प्रश्नांना दीडशे मिनिटं. पाच पानांचा पियाजे सरांना आता जमतो. चार पर्यायांचा अजून चकवतो, कारण तिसरी अवस्था पर्याय 'क' मध्ये असते आणि सर 'ब' ला गोल करतात.

शिक्षकखोलीत आता वातावरण बदललं आहे. दोन वर्षं सरांना 'काय, कुलगुरू?' म्हणून हाक मारणारे पी.टी.चे शिक्षक परवा मधल्या सुट्टीत दार लोटून आत आले. त्यांचंही दुसरं तप जवळ आलंय.

"सोपं असतं का हो ते?"

"सोपं कसलं," सर चष्मा पुसत म्हणाले. "पण फ्रोबेल येतोच येतो. झेरॉक्सवाल्याला माझं नाव सांगा, दोन रुपयांचं पान दीड रुपयात देईल."