खात्यापित्या घरचं यकृत

दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या घरात दहा वर्षांच्या मुलाच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ निघालं, की पहिला धक्का बसतो तो घराण्याच्या अब्रूला. यकृत बिघडतं ते फक्त पिणाऱ्यांचं, ही आपली ठाम समजूत. वास्तविक मुलांमधल्या या दुखण्याची नोंद वैद्यकाने १९८३ सालीच केली आहे. त्याला हातभार लावणाऱ्या गोष्टी म्हणजे पोटावरची चरबी, गोड पेयं आणि दिवसभराची बैठक. आणि यातलं काहीही मूल स्वतःच्या पगारातून आणत नाही. ३०० मिलिलिटर कोलात तीसेक ग्रॅम साखर असते. मोठ्या माणसानेही दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलेलं बरं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. साखरेतलं फ्रुक्टोज मुख्यतः यकृतालाच निस्तरावं लागतं आणि जास्तीचं झालं की तिथेच त्याची चरबी होते. अशा काही मुलांच्या मानेवर काळपट, जाडसर पट्टा दिसू लागतो. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. आपण मात्र मळ समजून डाळीचं पीठ लावून मान घासत बसतो.

यावर तयार उत्तर असतं, ‘आमच्यात आनुवंशिकच आहे.’ असतं खरं. पीएनपीएलए३ या जनुकाचा एक प्रकार धोका वाढवतो. पण जनुक ॲपवरून पिझ्झा मागवत नाही. ‘बारीक मुलांनाही होतं की!’ होतं, आपल्याकडे तर बेताच्या वजनातही पोटावर चरबी साठते, म्हणजे सावधगिरी जास्तच हवी. ‘वाढत्या वयात झडेल’ म्हणावं, तर वयाबरोबर सवयीही वाढतात आणि काही मुलांच्या यकृतात व्रण धरू लागतात. सरकारनेही हात झटकलेले नाहीत. २०२० च्या नियमानुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अति साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायचे नाहीत. पीटीचा तास गणिताला गेल्यापासून एकावन्नाव्या मीटरपर्यंतची ही पायपीट हाच मुलांचा व्यायाम. वेळीच वजन आवरलं तर यकृत पुष्कळदा सावरतं. मात्र त्यासाठी पथ्य अख्ख्या घराला लागतं, आणि बाबांचं रात्रीचं फरसाण बंद करण्यापेक्षा मुलाला टॉनिक आणणं केव्हाही सोपं.